उजव्या घोट्याची वर्षं

मी निपाणीत वाढले. लग्न होऊन येळ्ळूरला आले तेव्हा मला चालायची फार हौस होती. गावातल्याच मराठी शाळेत मला नोकरी लागली होती. शाळा सुटल्यावर सरळ रस्त्यानं घरी न येता मी शिवाराकडनं वळसा घालून यायची. बांधावरनं, भाताच्या कडेकडेनं. नवी सून रानातनं एकटी फिरते म्हणून बायका टकामका बघायच्या, पण घरात कुणी कधी बोललं नाही. घरात माणसंच मोजकी. माझे मालक बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. त्यांची थोरली बहीण लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आलेली. माझे सासू-सासरे गेल्यापासून घर आणि शेत तिच्याच हातात होतं. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, मीही आक्काच म्हणायची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, पण मनात ती कायम ‘ती’च होती.

आमची मुलगी चालायला लागली आणि माझं चालणं बिघडलं. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. आधी हाताची बोटं सुजली, मग मनगटं, मग दोन्ही घोटे. संधिवात. हाताचं दुखणं औषधांनी पुढं पुष्कळ कमी झालं, घोट्यांचं झालं नाही. सकाळी जाग आली तरी पाय खाली टेकवायचा धीर होत नसे. आक्का माझ्या आधी उठलेली असायची. निर्गुडीचा पाला घालून उकळलेलं पाणी ती बादलीतून खाटेपाशी आणायची, माझे पाय स्वतः धरून त्यात सोडायची आणि घोट्यांवर हात फिरवत बसायची. थोरल्या नणंदेनं भावजयीच्या पायाला हात लावायचा, मला कसंतरीच व्हायचं.

“आक्का, तुम्ही नका हो. मी करते माझं.”

“पाय हाय त्यो, देव न्हाय. गप बस,” ती म्हणायची.

मग मी भिंतीला धरून उठायची, तयार व्हायची आणि शाळेत जायची. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढं अंतरसुद्धा मला मध्ये एकदा थांबून, एका ओट्यावर टेकून कापावं लागायचं. वर्गात खुर्चीवरनं फळ्यापर्यंत जायचं म्हटलं तरी आधी मनात ठरवावं लागे. मुलं शहाणी होती. खडू संपला तर न सांगता आणून द्यायची.

बेळगावात कॅम्पात हाडांचे एक डॉक्टर होते. विलायतेत शिकून आलेले, मूळचे धारवाडकडचे. मराठी छान बोलायचे, पण हेल कन्नडचा. मला ते पहिल्या दिवसापासून ‘टीचर’ म्हणायचे. त्यांनी डाव्या घोट्याचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला आणि मालकांना जवळ बोलावलं.

“हे बघा. इथं दोन हाडांमध्ये फट दिसायला पाहिजे. आहे का? नाही. हाडावर हाड घासतंय. तेल लावून, गोळ्या खाऊन हे परत येणार नाही.”

“मग काय करायचं साहेब?” मालकांनी विचारलं.

“ही दोन्ही हाडं एकमेकाला जोडून टाकायची. घोटा हलणार नाही. पण हलणार नाही म्हणून दुखणार पण नाही.”

आपणहून पाय जाम करून घ्यायचा! पण दुखणं इतकं झालं होतं की महिन्याभरात मीच म्हटलं, करून टाका. ऑपरेशन झालं, कितीतरी आठवडे प्लास्टर राहिलं. ते निघालं, मी पाऊल टेकवलं आणि वाट बघत राहिले. ठणका आलाच नाही. घोटा लाकडासारखा होता, पण गप्प होता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्या पायाचा मला विसर पडायला लागला.

काही गोष्टी गेल्याच. उकिडवं बसणं गेलं. मालकांनी कारखान्यातले भंगाराचे पाइप जोडून मोरीसाठी आणि संडाससाठी मला दोन उंच स्टुलं करून आणली. बांधावरनं चालणं गेलं, कारण तिरक्या जमिनीवर पाऊल वळायचं नाही. पण सपाटीवर मी चांगली चालायची. नव्या माणसाच्या लक्षातही यायचं नाही. पाच-सहा वर्षं अशी बरी गेली. उजवा पाय सगळं सांभाळून घेत होता.

मग तोही थकला.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात उजव्या घोट्यानं तेच सगळं पहिल्यापासून सुरू केलं. सकाळची सूज, मधला थांबा, रात्री उशीवर पाय. आक्कानं निर्गुडी परत आणायला सुरुवात केली. आता काय करायचं ते मला ठाऊकच होतं. डावा जोडला तसा उजवा जोडायचा. दोन लाकडी पाय. मी घरात कुणाला सांगितलं नाही, पण मला त्याची भीती बसली होती. एक पाय ताठ असला तर दुसऱ्यावर जोर देऊन माणूस उठतो, जिना चढतो. दोन्ही ताठ झाल्यावर कसं करायचं, ते डोळ्यांपुढं येत नव्हतं.

डॉक्टरांकडं आम्ही तिघंही गेलो. त्यांनी फोटो पाहिला, मला चालायला लावलं, खुर्चीवरनं उठायला-बसायला लावलं. मग टेबलामागं जाऊन बसले.

“टीचर, दुसरा पण जोडला तर दुखणं जाईल. पण तुमचं उठणं, चढणं अवघड होईल.” त्यांनी टेबलाचा खण उघडून एक लहान खोकं काढलं. “हे बघा. विलायतेत माझे गुरू होते, त्यांनी पाठवलंय. घोट्याचा सांधा.”

खोक्यात दोन तुकडे होते. एक चकचकीत पोलादाचा, घुमटासारखा. दुसरा पांढऱ्या प्लास्टिकचा, खोलगट. डॉक्टरांनी एकावर एक ठेवून हलवून दाखवलं. पुढं-मागं, पुढं-मागं. मालकांनी ते हातात घेतलं, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच उजळला.

“लई सफाई हाय वो ह्येला. पर बोल्ट कुठं हायत? बसवता कसं?”

“सिमेंटनं.”

आक्का इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली. “शिमिट? घराचं शिमिट?”

डॉक्टर हसले. “तसलं नाही आक्का. हाडाचं वेगळं असतं.” मग हसू आवरून माझ्याकडं वळले. “खोटं सांगणार नाही टीचर. हे नवीन आहे. माझ्या हातानं आजवर थोडेच बसवलेत. बसल्यावर चांगलं चालतं, पण ते सिमेंट कधी ना कधी सैल होतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. सैल झालं की काढायचं आणि मग हाड जोडायचंच. तेव्हाचं जोडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. सगळ्यांना मी हे सांगत नाही. तुमचा एक पाय आधीच जोडलाय, वजन कमी आहे, काम शाळेचं आहे, म्हणून सांगतोय. घरी जा, विचार करा.”

घरी त्या रात्री जेवणं झाल्यावर तोच विषय. मालकांना पटत नव्हतं. त्यांना तो सांधा वस्तू म्हणून फार आवडला होता, पण बायकोच्या पायात नको होता.

“सुटनार हे आदीच सांगत्यात. मग बसवायचा कशाला? दोनदा कापाकापी. एकदाच काय ते करून मोकळं व्हावं.”

“तुला न्हाय बसवायचा त्यो,” आक्का म्हणाली. “तिला इचार की.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागली. मी खाटेवर बसले होते, पाय लांब करून.

“मला चालायचंय,” मी म्हटलं. “जितकी वर्षं जमेल तितकी.”

मालक उठून बाहेर गेले. परत आले ते तांब्याभर पाणी घेऊन. मला पाणी दिलं आणि म्हणाले, “सोमवारी रजा टाकतो.”

ऑपरेशननंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पायाची आग आठवते, आणि दवाखान्याच्या खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड. आक्का खाली सतरंजी टाकून झोपायची. मुलगी शेजारणीकडं होती. प्लास्टर निघालं तो दिवस मात्र लख्ख आठवतो. पाय वाळलेल्या शेंगेसारखा झाला होता. डॉक्टरांनी टाच हातात धरली.

“टीचर, बोटं वर घ्या. घाबरू नका.”

मी बोटं वर घेतली. नुसती बोटं नाही, पाऊलच वर आलं. थोडंसंच. मग खाली गेलं. मी परत वर घेतलं.

“हलतंय गं!” आक्का ओरडली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी रडले नाही. मी पाऊल वर-खाली करत राहिले. शेवटी डॉक्टरच म्हणाले, आज एवढं पुरे.

त्यांनी अटी घातल्या. पळायचं नाही, उडी नाही, उकिडवं नाही, डोक्यावर ओझं नाही. या सगळ्याला मी मान हलवली. चालायला बंदी नव्हती.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली, गुंजीला. हुकूम कन्नडमध्ये होता. मुख्याध्यापकांनी वाचून सांगितला आणि वर म्हणाले, “बाई, पायाचं सर्टिफिकेट जोडून अर्ज करा, रद्द होईल.” मालकांचंही तेच मत. गुंजी म्हणजे खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या तोंडाशी. रोज जवळच्या देसूर स्टेशनला जायचं, गाडी धरायची, तिकडं उतरून चालायचं, संध्याकाळी परत.

“जाते की,” मी म्हटलं.

मालक मला सायकलच्या कॅरियरवर बसवून देसूरला सोडायचे आणि तसेच कारखान्यात जायचे. पहिल्या दिवशी आक्का माझ्याबरोबर गाडीनं आली. ही पायऱ्या कशा चढते ते तिला बघायचं होतं. कोळशाचं इंजिन, लहान गाडी, फलाट इतका बुटका की डब्याची पहिली पायरी मांडीशी यायची. मी दांडी धरली, डावा पाय मुकाट खाली ठेवला, उजवा पायरीवर टाकला आणि त्याच्यावर जोर दिला. घोटा वाकला, मी वर गेले. मागून आक्काचा हात माझ्या पाठीला लागलेला होता, पण ढकलावं लागलं नाही. डब्यात बसल्यावर ती बराच वेळ बाहेरच बघत होती. खानापूर गेल्यावर म्हणाली, “उद्यापास्नं मी येत न्हाय. तुजं तू जा.”

गुंजीला गार्डच्या लवकरच लक्षात आलं की ही बाई उतरायला वेळ घेते. मी फलाटावर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय ते हिरवं निशाण दाखवायचे नाहीत. आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. मी हात वर करायची, ते मान हलवायचे, गाडी सुटायची.

स्टेशनपासून शाळेची वाट थोडी चढाची, लाल मातीची, पावसाळ्यात निसरडी. मधे एक ओहोळ, त्याच्यावर दोन ओंडके टाकलेले. पहिल्या पावसाळ्यात ओंडक्यांपाशी माझा पाय अडायचा. मग वरच्या वर्गातल्या मुलींनी आपणहून घरनं एक फळी आणून ओंडक्यांवर ठोकली. त्यांच्या आयांना आधी ही बेळगावकडची बाई जास्त दिवस टिकणार नाही असं वाटलं होतं. टिकले तेव्हा त्या घरी बोलवायला लागल्या. गौरीच्या वेळी एकदा शाळा सुटल्यावर मला अंगणात ओढलंच. झिम्मा चालू होता.

“बाई, या की!”

“अगं, मला उडी मारायची नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“नगा मारू उडी. हात तरी द्या.”

मी हात दिले. पाय जमिनीवरून न उचलता, नुसती टाचेवर आणि चवड्यावर डुलत मी झिम्मा खेळले. उजवा घोटा तालात वर-खाली होत होता. डावा लाकडी, जागच्या जागी. सगळ्या बायका घामाघूम होऊन हसत होत्या, मीही. लग्नाआधी निपाणीत खेळले असेन, त्यानंतर तेव्हाच. घरी येऊन आक्काला सांगितलं तर तिनं आधी माझा घोटा दाबून बघितला, मग रागावली, आणि मग विचारलं, “गानं कुठलं म्हनलं?”

गुंजीची ती वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं. मी वर्गाला घेऊन ओहोळापलीकडं जायची, झाडं दाखवायची, मुलांकडून त्यांची नावं शिकायची. दर वर्षी एकदा कॅम्पात जाऊन फोटो काढायचा. डॉक्टर तो उजेडावर धरायचे आणि नुसतं “चांगलंय” म्हणायचे. त्या एका शब्दासाठी मालक बाकड्यावर चुळबुळत बसलेले असायचे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या हिवाळ्यात पायरी चढताना उजव्या घोट्यात कळ आली. एकच, बारीक. पुढच्या आठवड्यात परत आली. मग रोज पहिल्या पावलाला यायला लागली. मला कळलं होतं. तरी मी शाळेचं वर्ष संपेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. हळूहळू चालायची, गार्ड थांबायचे.

फोटोत सिमेंटच्या भोवतीनं काळी रेघ दिसत होती. डॉक्टरांनी मला ती बोटानं दाखवली.

“सैल झालाय, टीचर.” त्यांनी चष्मा काढला. त्यांचे केस आता पुष्कळ पिकले होते. “मला वाटलं होतं आणखी टिकेल. तुम्हाला वाटत असेल, तेव्हाच जोडला असता तर बरं झालं असतं.”

“नाही वाटत,” मी म्हटलं.

“खरं?”

“डॉक्टर, मी या पायानं गुंजीला गेले. रोज. उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर.”

मालकांनी खिशातला रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

दुसरं ऑपरेशन त्यांनी सांगितलं होतं तसंच अवघड गेलं. सांधा काढल्यावर पोकळी राहिली, ती भरायला कमरेचं हाड काढून घातलं. घोट्यापेक्षा कमरच जास्त दिवस दुखली. प्लास्टर निघतंय निघतंय म्हणेपर्यंत दिवाळी आली. आक्का साठीच्या पुढं गेली होती, गुडघे तिचेही कुरकुरत होते, तरी दवाखान्यात खाली सतरंजी टाकून तीच झोपली. आता मुलगी कॉलेजात होती. तिनं रात्रीपुरतं मी थांबते म्हटलं तर आक्का म्हणाली, “तू अब्यास कर. ही माजी सवय हाय.”

मग मी दोन ताठ घोट्यांनी चालायला शिकले. डॉक्टरांनी मोच्याला चित्र काढून दिलं, त्यानं खालून होडीसारखे गोलसर तळवे असलेले बूट केले. उजवा थोडा उंच, कारण तो पाय आखूड झाला होता. टाच टेकली की बूटच पुढं लोटतो, घोट्याचं काम थोडं तो करतो. खुर्चीवरनं उठायला हातांचा जोर लागतो. जिन्याला कठडा लागतो. उतारावर मी आडवी चालते. गुंजी सोडावी लागली. बेळगावातल्या एका शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मिळाला. भीती वाटत होती तितकं वाईट हे निघालं नाही. दुखत नाही, ही केवढी गोष्ट आहे ते ज्याचं दुखलंय त्यालाच कळतं.

त्यानंतर एकदा तपासणीला गेले असताना डॉक्टरांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तिथं निपाणीची एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, विड्या वळणारी, दोन्ही हातांची बोटं तंबाखूनं रंगलेली. एका घोट्याला कापड गुंडाळलेलं.

“टीचर, यांना तुमचं सांगा,” डॉक्टर म्हणाले. “दोन्ही सांगा. मी बाहेर बसतो.” आणि ते खरंच आपल्या खोलीतून उठून बाहेर गेले.

निपाणीची म्हटल्यावर आधी गल्ली कुठली, कुणाच्यातली, हे झालं. माझी आईही विड्या वळायची हे ऐकून ती सैलावली. मग मी तिला सगळं सांगितलं. डावा जोडला तेव्हा काय गेलं, काय राहिलं. उजव्यात सांधा बसवला तेव्हा पाऊल कसं वर आलं, गाडी, ओहोळ, झिम्मा. मग ती कळ, काळी रेघ, कमरेचं हाड. लपवलं काही नाही. बूट काढून दोन्ही पाय दाखवले.

तिनं माझ्या दोन्ही घोट्यांवरनं हात फिरवला. “तुमी तर बरंच फिरला म्हना की.”

“फिरले.”

“मला फिरायचं न्हाय वो बाई. मी दिसभर सूप मांडीवर घिऊन बसती. पाय लांब केला की झालं. मला निस्ता ठनका नको झालाय. एकदाच काय ते करून टाकत्यात काय इचारा.”

“जोडला तर ठणका जातो,” मी म्हटलं. “माझा डावा इतक्या वर्षांत एकदाही दुखला नाही.”

“मग माजं ठरलं,” ती म्हणाली, आणि दार उघडून डॉक्टरांना आत बोलावून घेतलं.

बाहेर आक्का बाकड्यावर बसली होती. तिनं मला कठड्याचा आधार देत पायऱ्या उतरवल्या आणि रस्त्यावर आल्यावर विचारलं, “काय सांगितलंस तिला?”

“झालं ते सगळं.”

“बसवून घेती काय?”

“नाही. जोडून घेणार म्हणाली.”

“आनि तुला परत इचारलं आसतं तर?”

“मी बसवूनच घेतला असता.”

“मला ठावंच हाय,” आक्का म्हणाली. तिनं माझी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि येळ्ळूरच्या बसला अजून वेळ होता म्हणून आम्ही दोघी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो.